मागून सुरू होणारी पुस्तकं

"हा आपला चौथा प्रयत्न आहे. आता एक तर पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा," कप्तान म्हणाली.

"कुणाला देऊन टाकायचा? समोर कुणीच नाहीये," भिंत म्हणाला.

"आहेत असं समजायचं."

"मघाशी म्हणालीस मला समोरचा समज. आता म्हणतेस आपल्यातला समज. मला एकदा नक्की सांग बाई, मी कुणाचा?"

इमारतीच्या मागच्या अंगणात सुट्टी लागल्यापासून हा खेळ चालू होता. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, पण तो शिकवला होता जपानी चित्रकथांनी. 'बेडूक इलेव्हन' नावाची ती मालिका वाचनालयात आली आणि या चौघांना दुसरं काही सुचेनासं झालं. त्यात एका लहानशा शाळेचा कायम हरणारा संघ होता. हिरवी हेल्मेटं घालून मुलं चिखलात लोळायची, म्हणून सगळे त्यांना बेडूक म्हणायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा त्या खेळाचा मुख्य नियम. बाकीचे नियम त्यांना चित्रं बघून जेवढे कळले तेवढे कळले. उरलेले कप्तान ठरवायची.

कप्तान यंदा सातवी पास झालेली. नाव तिचं तिनंच घेतलेलं. भिंत म्हणजे तळमजल्यावरचा धिप्पाड, सावकाश बोलणारा मुलगा. त्याचं काम समोर उभं राहून अडवायचं. चेंडू हा कप्तानचा धाकटा भाऊ. जुन्या टॉवेलची गुंडाळी करून, बुटांच्या नाड्यांनी बांधून खरा चेंडू तयार व्हायच्या आधी भिंत यालाच काखोटीला मारून धावायचा. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि चौथी मनी, कप्तानची मामेबहीण. मामीचं ऑपरेशन होतं, मामा दवाखान्यात तिच्याजवळ, म्हणून मनीला सुट्टीसाठी आत्याकडे पाठवलेलं. मांजरीच्या पावलांनी येते, कोपऱ्यात बसते, कुणाच्या अध्यात नाही न् मध्यात नाही, म्हणून मनी. खेळताना कप्तान तिला गुण मोजायला बसवायची. गुण फारसे कधी होतच नसत.

"शेवटचा सामना वाचल्याशिवाय हा डाव जमणार नाही. चला वाचनालयात. शेवटचा भाग आणू," कप्तान म्हणाली.

"पाणी पिऊन जा," वरच्या खिडकीतून आई म्हणाली. आईला अंगणातलं सगळं ऐकू यायचं. "आणि मनीला घेऊन जा."

"तिला यायचं नाहीये," कप्तान म्हणाली. मनीला तिनं विचारलंच नव्हतं.

वाचनालय गल्लीच्या तोंडाशीच होतं. एक लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, मधे एक मोठं टेबल आणि त्यावर वर्तमानपत्रं. ग्रंथपाल मावशी सुट्टीवर गेल्या होत्या. त्यांच्या खुर्चीवर चिटणीस काका बसले होते. काका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले आणि शिस्तीचे. आल्या दिवसापासून त्यांनी वाचनालयाला वळण लावायचा चंगच बांधला होता. खुर्च्या एका रेषेत आल्या होत्या, पंख्यांवरची जळमटं गेली होती.

आणि मुलांच्या कपाटातला एक खण रिकामा होता. 'बेडूक इलेव्हन'चा एकही भाग जागेवर नव्हता.

"काका, बेडकांची पुस्तकं कुठायत?" चेंडूनं विचारलं.

"बेडकांची? प्राणिजगत त्या बाजूला."

"तशी नाही. चित्रकथा. इथे होत्या."

काकांनी चष्म्यावरून खणाकडे पाहिलं. "बेडकाचं एकही पुस्तक मी पाहिलेलं नाही. म्हणजे कुणीतरी नेली. न सांगता. कुणी नेली असतील?"

टेबलापाशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी मान वर केली. दोन लहान मुलं गोष्टीचं पुस्तक सोडून ऐकू लागली. सगळे कप्तानकडे बघत होते आणि कप्तानला, खरं सांगायचं तर, कुणी असं बघितलेलं आवडायचं. तिचं डोकं भराभर चालू लागलं. काल संध्याकाळी मनी इथेच बाकावर वाचत बसली होती. घरी आली तेव्हा तिची बॅग फुगलेली होती. बॅगेला ती कुणाला हात लावू देत नाही, रात्री उशाशी घेऊन झोपते. झालं तर मग.

"बहुतेक माझ्या मामेबहिणीकडे असतील. ती सुट्टीपुरती आलीये," ती म्हणाली.

"आम्ही पाहिली नाहीत तिच्याकडे," भिंत हळूच म्हणाला.

"तू गप्प बैस. काका, मी आणून देते."

काकांनी मान हलवली. "म्हणूनच मी म्हणत होतो, पाहुण्यांना पुस्तकं द्यायची नाहीत. शाब्बास. स्वतःच्या नात्यातलं असूनही खरं बोललीस."

कप्तानची छाती जरा फुगली. जिना चढेपर्यंत ती फुगलेलीच होती.

मनी आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. कप्तान दारात उभी राहिली. तिच्या मागे भिंत, भिंतीच्या काखेखालून चेंडू.

"पुस्तकं दे," कप्तान म्हणाली.

"कुठली?"

"जास्त शहाणपणा करू नकोस. बेडकांची. सगळे भाग गायब आहेत."

"मी नाही घेतली."

"मग बॅग उघड."

"नाही," मनी म्हणाली आणि तिनं बॅग जवळ ओढली.

तो 'नाही' कप्तानला पुराव्यासारखा वाटला. तिनं बॅगेचा पट्टा धरला, मनीनं दुसरा. मनी बारीक, कप्तान दांडगी. चेन उघडली आणि आतलं सगळं खाटेवर सांडलं.

एक कंगवा. दोन फ्रॉक. एक खोडरबर. आणि एक मोठ्या माणसाचा स्वेटर. विटलेला, कोपरावर रफू केलेला, सगळी बॅग फुगवणारा. त्याला तेलाचा आणि पावडरचा वास येत होता. कप्तानला तो वास लगेच ओळखता आला. दर सुट्टीत मामी तिला कुशीत घ्यायची तेव्हा हाच वास यायचा.

भिंत खाली बघायला लागला. मनीनं स्वेटर उचलला, बाह्या आत दुमडून नीट घडी केली, बॅगेत ठेवला, वर फ्रॉक ठेवले. कप्तानला ते बघवेना.

"सांगितलं होतं ना, नाही घेतली," मनी म्हणाली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "काय चाललंय गं तिकडे?"

"काही नाही," कप्तान म्हणाली.

माफी मागायला हवी होती, हे कळायला कुणी सांगावं लागलं नाही. पण ती दारातून मागे वळली. तिला वाटलं, थोड्या वेळानं बोलू. थोड्या वेळानं वाटलं, जेवल्यावर बोलू. जेवताना मनीनं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि आई मात्र दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. आईनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी मनी एकटीच वाचनालयात गेली आणि गेली तशी परत आली. तिनं आत्याचा फोन मागितला आणि ती बाल्कनीत गेली. दाराआडून कप्तानला ऐकू आलं.

"बाबा, मला न्यायला या. ...नाही, आत्या चांगली आहे. ...नाही, कुणी काही बोललं नाही. मी दवाखान्याच्या बाकावर बसेन, त्रास नाही देणार. उद्या या."

कप्तान धावत वाचनालयात गेली. दारावर ठळक अक्षरांत नवी पाटी होती: 'पाहुण्या मुलांना यापुढे पुस्तके मिळणार नाहीत.' दोन लहान मुलं पायरीवर बसली होती.

"ती आली होती," एक म्हणालं. "पुस्तकं चोरणारी. काकांनी आत घेतलं नाही."

कप्तानचे कान तापले. पाटी वाचून मनीला कळलं असणार की कुणी तरी काकांना सांगितलं. कुणी, ते कळायला फार हुशारी लागत नव्हती. आणि तरीही फोनवर मनी म्हणाली होती, कुणी काही बोललं नाही.

आत जाऊन 'मी चुकले' म्हणायचं एवढंच काम होतं. पण आत टेबलाभोवती मोठी माणसं बसली होती. कप्तान पायरीवरूनच परत फिरली. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती मागच्या गल्लीनं, कुणी भेटू नये म्हणून वळसा घालून घरी आली.

घरी चेंडू जमिनीवर बसून काहीतरी निरखत होता. बाबांनी दुकानातून अंडी आणली होती. अंडी फुटू नयेत म्हणून पेटीत कागदाच्या बारीक पट्ट्या भरलेल्या.

"ताई, हा बघ. बेडकाचा डोळा."

"कुठला बेडूक आता? जा, खेळ जा."

"अगं, बघ तरी."

तिनं पट्टी हातात घेतली. बोटभर रुंद, एका बाजूनं सुरीनं कापल्यासारखी सरळ. तिच्यावर काळ्या शाईच्या तिरप्या रेघा होत्या. कुणी जोरात धावतंय हे दाखवायला काढतात तशा. आणि टोकाला हिरव्या हेल्मेटच्या मधोमध रंगवलेला गोल डोळा. रंगीत पानं प्रत्येक भागाच्या सुरुवातीलाच असत. हा डोळा ती झोपेतही ओळखली असती.

"भिंतीला हाक मार," ती म्हणाली.

बाबांनी अंडी आणली त्या दुकानातला अंडीवाला गिऱ्हाईकात गुंतला होता. "पट्ट्या? त्या बाइंडरकडच्या. पोतंभर देतो बिचारा. अंडं फुटलंय का एखादं?"

"अंडी ठीक आहेत. पुस्तकं फुटलीत," भिंत म्हणाला.

बाइंडरचं दुकान बाजारामागच्या बोळात होतं. "लांब जाताय, तर मनीला घेऊनच जायचं," असं या वेळी आईनं दारातच बजावलं होतं. त्यामुळे मनीही आली होती. सगळ्यांच्या मागून, मधे बरंच अंतर ठेवून.

दुकानात खळीचा आंबूस वास भरला होता. एका बाजूला पुठ्ठ्यांची चळत, दुसऱ्या बाजूला रंगीत कापडाचे तागे, मधे कागद कापायचं थोरलं यंत्र. त्याचं पातं बघून कप्ताननं नकळत चेंडूचा हात घट्ट धरला. पात्याजवळच्या फळीवर 'बेडूक इलेव्हन'चे भाग एकावर एक रचून ठेवले होते.

"ही आमच्या वाचनालयाची पुस्तकं आहेत," कप्तान म्हणाली.

"हो तर. तुमच्या चिटणीस काकांनी दिलीत," हात पुसत बाइंडर म्हणाला. "रस्ता सुरक्षेचा संच. छापखान्यानं उलटी बांधलीत म्हणे. पाठ, म्हणजे शिवणीची बाजू, कापायची आणि पानं सरळ लावून द्यायची. पहिला भाग झाला. चहा घेतो आणि बाकीच्यांना हात घालतो."

"रस्ता सुरक्षा?" भिंत म्हणाला.

"हेल्मेट नाही का दिसत?"

आता मुलांच्या ध्यानात आलं. मालिकेचं भाषांतर झालं होतं, पण पानं जपानी पद्धतीचीच ठेवली होती. आपल्याला जो मागचा पुठ्ठा वाटतो तिथून पुस्तक सुरू व्हायचं, आणि चित्रंही उजवीकडून डावीकडे वाचायची. काकांनी पुस्तकं आपल्या सवयीनं धरली, म्हणजे त्यांना दिसली फक्त मागची बाजू. तिथे बेडूक नव्हता, नुसतं एक हेल्मेट होतं. बेडकाचं पुस्तक पाहिलं नाही, हे काका खरंच सांगत होते.

मनीनं तयार झालेला पहिला भाग उचलला आणि मधोमध उघडला. दोन पानं मिळून एकच मोठं चित्र होतं, बेडकांच्या संघातला छोटा धावपटू झेप घेतो ते. पानांची अदलाबदल झाल्यामुळे आता त्याचे पाय एका कडेला आणि डोकं दुसऱ्या कडेला गेलं होतं. मधे दोन परक्या माणसांच्या पाठी एकमेकींना चिकटल्या होत्या.

"हा मेला का?" चेंडूनं विचारलं.

"काका, ही उलटी नाहीयेत," कप्तान म्हणाली. "ती अशीच असतात. कापू नका."

"बाळ, गिऱ्हाईकानं सांगितलं तसं मी करतो. उद्या माल द्यायचाय. चिटणीसांनी थांब म्हटलं तर थांबेन." त्यांनी फोन लावून पाहिला. "उचलत नाहीत. सभेत असतील."

कप्तान तिघांकडे वळली. जिभेवर सवयीनं हुकूम आला होता. मनीला बघून तो विरला.

"कुणीतरी काकांकडे जायला हवं," ती चाचरत म्हणाली. "मनी, तू छान सांगशील. तू..."

"मला आत घेत नाहीत," मनी म्हणाली. सकाळपासून तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "तूच जा. नाव तू घेतलंस."

आवाज चढलेला नव्हता. पण कप्तानला वाटलं, आजवर नुसता आहे असं समजायचा तो समोरचा संघ आत्ता कुठे अंगावर आला. तिनं पहिला भाग छातीशी धरला.

"मी अडवतो," भिंत म्हणाला. तो यंत्रासमोरच्या स्टुलावर जाऊन बसला आणि सावकाश पाय पसरले. "काका, मला माझी भूगोलाची वही बांधायचीये. कापड कुठलं चांगलं?"

"वही कुठाय?"

"घरी. आधी कापड बघू. निळं आहे का? आणि निळ्यात दुसरं निळं?"

"काका, खळ खातात का?" चेंडूनं विचारलं. "मग उंदीर का खातात? मग उंदीर चिकटत नाही का आतून?"

मनी फळीपाशी गेली आणि उरलेल्या भागांवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

कप्तान धावली. पुस्तक काखेत, डोकं खाली. हातगाडी चुकवली, सायकल चुकवली, एका कुत्र्यानं तर तिला वाटच करून दिली. वाचनालयाच्या दारातली पाटी दिसली तेव्हा ती पायरीवर थांबली. आत सभा भरली होती. ती तशीच आत शिरली.

"काका, बाइंडरना फोन करा. ते बेडकांची पुस्तकं कापतायत. तुम्हीच दिलीत ती."

"मी? मी रस्ता सुरक्षेची दिली. उलटी बांधली होती. मुखपृष्ठ मागे! उघडल्यावर पहिल्याच पानावर काय, तर 'थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने आला आहात.' म्हटलं, बरोबर आहे, वाहनचालकांसाठी लिहिलंय."

"ते वाचणाऱ्यांसाठी आहे," कप्तान म्हणाली. "खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, पुस्तक दुसऱ्या बाजूनं उघडा."

वर्तमानपत्रवाले आजोबा खोकल्यासारखं हसले. कप्ताननं चित्राचं पान टेबलावर उघडलं. "यात धावणारा मुलगा कुठेय ते दाखवा."

काकांनी चष्मा लावला. एका कडेच्या पायांवर बोट ठेवलं, ते दुसऱ्या कडेच्या डोक्यापर्यंत नेलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ते उठले आणि त्यांनी फोन लावला. "हं, थांबा. एकाही पुस्तकाला हात लावू नका. ...कोण बसलंय यंत्रापुढे?... बसू दे त्याला."

मग बराच वेळ सगळी खोली बोलत राहिली. कुणी म्हणालं, पोरीनं वाचनालयाचं नुकसान वाचवलं. कुणी म्हणालं, अशी मुलं हवीत. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझी. आणि ती शोधून काढली तू. सकाळीही खरं बोललीस, आत्ताही..."

"नाही," कप्तान म्हणाली. "मी खरं नाही बोलले."

दारात भिंत, चेंडू आणि मनी येऊन उभे राहिले होते. तिघांच्या हातांत बाइंडरनं परत दिलेल्या पुस्तकांची चळत होती. कप्तानला ते दिसले, पण आता परत फिरायला जागा नव्हती.

"मला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात, म्हणून मी मनीचं नाव घेतलं. मग सगळ्यांसमोर तिची बॅग उपडी केली. त्यात पुस्तकं नव्हती. ते कळल्यावरही मी इथे येऊन सांगितलं नाही. मी पाटी वाचली आणि घरी गेले." तिनं दाराकडे बोट केलं. "हुशार म्हणू नका मला. तो डोळा चेंडूनं शोधला, अडवलं भिंतीनं. आणि मनीनं काहीच केलं नव्हतं."

काकांनी दाराकडे जाऊन स्वतःच्या हातानं पाटी काढली. ते मनीसमोर जरा वाकले. "बाळ, मी विचारायला हवं होतं. न विचारता पाटी लावली. चुकलो."

मनीनं मान डोलावली आणि पुस्तकं टेबलावर ठेवली. मग आजोबांनी खुर्ची सरकवून तिला बसायला जागा करून दिली आणि विचारलं, "आता मला सांग, हे वाचायचं तरी कुठून?" मनीनं पुस्तक फिरवून दिलं, पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. काकाही मागून डोकावू लागले.

घरी जाताना कप्तान तिच्या बरोबरीनं चालली.

"माफ कर," ती म्हणाली.

"पुस्तकांचं ठीक आहे," मनी म्हणाली. "बॅग का उघडलीस?"

कप्ताननं उत्तर शोधलं, पण जे सापडलं ते सगळं सबबीसारखं होतं.

"मला अजून राग आहे," मनी म्हणाली.

"असू दे."

दिवेलागणीला मामाचा फोन आला. आईनं तो मनीकडे दिला. कप्तान ताटं मांडत होती. तिचे हात थांबले.

"आईनं आज सूप घेतलं?" मनी विचारत होती. "उठून बसली? ...हं. ...बाबा, उद्या नका येऊ. शेवटचा सामना वाचायचा राहिलाय. ...हो, झालं होतं थोडं भांडण. ...नाही, अजून नीट नाही बोलत तिच्याशी. पण राहते."

कप्तानला सगळं ऐकू आलं. आपल्यासाठी नाही, पुस्तकासाठी राहतेय, हे तिला नीट कळलं. तेवढंही आपल्या वाट्याला यायला नको होतं, असं तिला वाटलं. तिनं मनीचं ताट मांडलं, आणि स्वतःचं त्याच्या शेजारी न मांडता समोर मांडलं. मनीला हवं तर ती आपल्याकडे बघेल, नको तर नाही.